कानबाईचं पाणी

खैरखेडे, ता. चोपडा
१४ मे २०२३

चि. भूपेंद्र भाऊ यांस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

फोन केला तर तुम्ही मीटिंगमध्ये असता. मेसेज केला तर अंगठा पाठवता. आपल्या गावात अंगठा लिहिता न येणारी माणसं देत असत, तुम्ही तर पुण्याला जाऊन मोठी डिग्री घेतलीत. म्हणून पोस्टाने लिहिते आहे. पाकीट फोडायला तरी दोन्ही हात लागतील.

आधी खुशाली. आईंचे गुडघे दुखतात, बाकी ठीक. आमची भाविका नाशिकला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली. तुमचे भाऊ मजेत आहेत.

आता कामाचं. परवा तुम्ही ह्यांना फोन करून सांगितलंत की कंपनीच्या केळीच्या पॅक हाऊसला पाणी पुरत नाही, तिसरा बोअर घ्यायचा, आणि तो आबांच्या विहिरीच्या तुकड्यात घ्यायचा. तुमच्या कंपनीचा पाणी बघणारा माणूस आला होता, मी पाहिला त्याला. गळ्यात ओळखपत्र, पायात पांढरे बूट, आणि तळहातावर नारळ आडवा धरून आपल्या शेतात भिरभिरत होता. विहिरीजवळ नारळ उभा राहिला म्हणे. अहो, विहिरीजवळ पाणी आहे हे सांगायला नारळ कशाला? आबांनी कुदळीने सांगितलं होतं ते.

आबांच्या मागे वाटणीत तो तुकडा तुमच्या भावाकडे आला, म्हणून तुम्हाला त्यांचा होकार पाहिजे. ते 'विचारून सांगतो' म्हणाले. विचारणार मला. तेव्हा मधला वेळ वाचवते. नाही.

पॅक हाऊसच्या उद्घाटनाला तुम्ही केलेलं भाषण मला अजून आठवतं. दोन देशांचा करार झाला, जकात उठली, आता आपल्या केळीला वेस उरली नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी मागे बायकांत बसले होते, मी नाही पिटल्या. कारण मी साक्रीची आहे. माझ्या बापाचा तिथे शेंगदाण्याच्या तेलाचा घाणा होता. आम्ही पोरं शाळेतून येऊन गरम पेंड खायचो. मग असाच एक करार पूर्वेच्या देशांशी झाला आणि पामतेल आलं. पाण्यासारखं पातळ, पाण्यासारखं स्वस्त. त्या दिवसांतही एका माणसाने बाजारपेठेत भाषण केलं होतं की आता आपला शेंगदाणा जगात जाईल. शेंगदाणा कुठेच गेला नाही. घाणा भंगारात गेला, आणि त्या तेलासाठी तिकडे कुठेतरी जंगलं गेली म्हणतात. बाप शेवटपर्यंत त्या पामतेलाची भजी खात नव्हता. म्हणायचा, 'ह्या तेलले वासच नही, मंग ह्यानावर इस्वास कसा ठेवाना?'

उंटावरून शेळ्या हाकू नका अशी आपल्यात म्हण आहे. तुम्ही तर त्यासाठी दुबईला, उंटांच्याच देशात जाऊन बसलात.

दोन बोअर झाल्यापासून विहीर आटत चालली आहे. त्या विहिरीवर घरचं पिणं आहे, गल्लीतल्या आठ-दहा घरांचं पिणं आहे, आणि आपली केळी आहे. तिसरा बोअर तिच्या काखेत घेतलात तर काय होईल हे मला नारळ फिरवून बघायची गरज नाही.

तब्येतीस जपा.

सुलक्षणा

*

खैरखेडे
९ जुलै २०२३

श्री. भूपेंद्र साहेब यांस आशीर्वाद.

पत्राचं उत्तर आलं नाही, पार्सल आलं. खजूर मिळाला. खजुराबरोबर तुमच्या बाल्कनीचा फोटो मिळाला. समुद्र निळाशार आहे. खाली कारंजं आहे, त्यात दिवे आहेत. आईंना दाखवला. त्या म्हणाल्या, 'एवढं पानी कोनी पेत नही का तठे?' मी म्हटलं, खारं असतं आई. तर म्हणाल्या, 'मंग दिवा कशाले लायेल शेत?' तुमच्याकडे उत्तर असेल तर कळवा.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुमचे भाऊ मजेत आहेत. ते खोटं होतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नव्हे, मला लिहायची लाज वाटली म्हणून. तुम्ही त्यांना पॅक हाऊसवर सुपरवायझर केलंत. सुपरवायझर म्हणजे सकाळी जायचं, डोक्यावर बायकांसारखी जाळी घालायची, हातात निळे मोजे घालायचे, आणि हौदाशी उभं राहून केळी धुणाऱ्या कोकिळाबाईच्या टोळीला सांगायचं, फणी अलगद सोडा, डाग पडेल. ज्या माणसाच्या नुसत्या हाकेने गावातली भांडणं थांबायची, तो आता केळीला डाग पडू नये म्हणून हळू बोलतो. घरी आल्यावरही हळूच बोलतात. तुमचा फोन आला की उभे राहून घेतात.

आणि डाग म्हणजे तरी काय? तिळाएवढा ठिपका असला की फणी बाजूला. घडातल्या मधल्या फण्या तुमच्या, वरच्या-खालच्या आमच्या. ती बाजूला टाकलेली केळी बांधावर सडते, त्यावर चिलटं. पूर्वी केळीची पानं अंथरून ट्रक भरायचा आणि दिल्लीला जायचा. घड घडासारखा जायचा. दिल्लीवाला खाताना डाग मोजत नव्हता. आता ते व्यापारी आपल्या गावाकडे फिरकत नाहीत. म्हणतात, तुमचा निवडीचा माल तिकडे जातो, उरलेल्यासाठी ट्रक कोण आणणार? म्हणजे एक दार उघडलंत आणि दुसरं लावून घेतलंत. दोन्हींच्या किल्ल्या तुमच्याकडे.

घडांना घालायच्या त्या निळ्या पिशव्या तर पावसाच्या आधीच नाल्यात पोचल्या आहेत. गल्लीतल्या तानुबाईच्या शेळीने पिशवी खाल्ली, पोट फुगून मेली. बाकीच्या लोक जाळतात. संध्याकाळी धूर गावावर बसतो आणि आई रात्रभर खोकतात. तुमच्या कंपनीच्या माहितीपत्रावर हिरवं पान छापलं आहे ना? छान आहे.

पाऊस नावाला झाला. यंदा श्रावण अधिक आला आहे, म्हणून आपल्या कानबाई देवीचा सण उशिरा, निज श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी. सोमवारी सकाळी विसर्जन. कानबाईला तुम्ही सहा वर्षं आला नाहीत. दर वर्षी देवीच्या गुळाच्या रोटासाठी भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घालताना आई तुमचं नाव सगळ्यांत आधी घेतात. रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या वाटचा रोट खायला कोणी नसतं, म्हणून दर वर्षी कानबाईला विहिरीत बुडवून काढताना तो मी पाण्यात सोडते.

आणखी एक आठवण करून देते. आपल्या घरी कानबाई मुळात नव्हती. ती तुमच्या चुलत आजोबांकडे होती. त्यांची विहीर आटली, त्या साली आबांच्या विहिरीला पाणी लागलं, आणि सगळे भाऊबंद वाजतगाजत कानबाईचा नारळ आपल्या घरी घेऊन आले. आई तेव्हा नवी सून होत्या. त्यांच्या सासूने त्यांच्या ओटीत तो नारळ देताना जे सांगितलं ते त्या अजून म्हणतात: 'ज्याना घर पानी, त्याना घर कानबाई.'

यंदा या. बोअरचं बोलायचं असेल तर समोर बसून बोलू. नाही तर नाहीच म्हणेन, पण जेवायला वाढून म्हणेन.

सुलक्षणा

*

खैरखेडे
२८ ऑगस्ट २०२३, सोमवार

भूपेंद्र भाऊ,

आला नाहीत. व्हिडिओ कॉल करा म्हणालात. काल कानबाई बसली तेव्हा भाविकाने केला, तुम्ही गाडीत होतात, अर्ध्या मिनिटात हात जोडून 'सिग्नल सुटला' म्हणालात. देवीला सिग्नलवर नमस्कार करणारा आपल्या कुळातला पहिला पुरुष म्हणून तुमची नोंद झाली.

चौरंगाच्या चार बाजूंना केळीचे खांब लागतात. खैरखेड्यात केळीचे खांब मिळाले नाहीत, हे वाचून हसू नका. ज्याच्या मळ्यात गेले तो म्हणाला, वहिनी, एक्सपोर्टचा बाग आहे, एकाही झाडाला हात लावता येत नाही, साहेब येऊन मोजतो. शेवटी आपल्याच बागेतले कापले. तुमचे भाऊ 'साहेब विचारतील' म्हणत मागे मागे फिरत होते. मी विळा चालवला.

आज सकाळी विसर्जन. तुम्हाला माहीत आहे कसं असतं ते. आई पुढे, डोक्यावर कानबाई, मागे बाया गाणी म्हणत, पोरं फुगड्या घालत. सगळे विहिरीवर गेलो. अख्खा ऑगस्ट पाऊस नाही. आत बादली सोडली, ती खडकावर आपटली. पुन्हा सोडली, चिखल आला. गाणी बंद पडली. नाला तर कोरडाच, नुसत्या तुमच्या निळ्या पिशव्या. आई डोक्यावर देवी घेऊन उन्हात उभ्या. म्हणाल्या, 'आते इले कथा लई जावानं, माले सांगा.'

बाया एकमेकींना विचारू लागल्या, कुठे न्यायची हिला? मग कोकिळाबाई म्हणाली, 'वहिनी, तठे हौद भरेल शे ना!'

पॅक हाऊसचा हौद. गावात काठोकाठ भरलेलं पाणी तेवढंच होतं. फाटक उघडं होतं. आम्ही आत गेलो आणि कानबाईला हौदात तीन वेळा बुडवून काढलं. हळद, कुंकू, गुलाल, फुलं सगळं रिवाजाप्रमाणे झालं. तुमच्या वाटचा रोटही कुस्करून सोडला. पाणी कोणाचं का असेना, आपल्याच जमिनीच्या पोटातून काढलेलं आहे, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आई घरी येऊन झोपल्या आहेत. चहा घेतला नाही. माझाही जीव ठिकाणावर नाही. आबांनी खोदलेल्या विहिरीवरून देवी परत फिरली, भाऊ. एवढं तरी वाचून अंगठा पाठवू नका.

सुलक्षणा

*

खैरखेडे
२४ सप्टेंबर २०२३

श्री. भूपेंद्र साहेब,

अखेर तुमचा आवाज ऐकला. सहा वर्षांत तुम्ही माझ्याशी इतका वेळ कधी बोलला नव्हतात, त्याबद्दल कानबाईचे आभार.

तुम्ही जे ओरडून सांगितलंत ते मी इथे शांतपणे लिहिते, म्हणजे माझं ऐकण्यात चुकलं असेल तर कळेल. विसर्जनाच्या सोमवारी भरलेला कंटेनर दुबईत उघडला. हिरव्या केळीवर पिवळेजर्द हात उमटलेले. फण्यांच्या बेचक्यांत पिठाचा आणि गुळाचा लगदा, त्यावर काळी बुरशी. एका खोक्यात झेंडूची पाकळी. तुमच्या गिऱ्हाइकाने सगळा कंटेनर नाकारला, आणि तिथल्या एका गोऱ्या साहेबाने तुम्हाला विचारलं की हा कुठला रोग आहे.

खरं सांगू? मी फोन ठेवला आणि हसले. पदर तोंडात कोंबून हसले. मग कोकिळाबाईला सांगितलं, तीही हसली. करारावर एवढ्या मोठ्या मोठ्या माणसांनी सह्या केल्या, आणि तो अडला कशावर, तर तुमच्याच वाटच्या रोटावर. वेळेवर येऊन खाल्ला असता तर पोटात गेला असता.

तुम्ही विचारलंत, हौदातलं पाणी बदललं का नाही? दर सकाळी बदलायचा नियम आहे. त्याचं उत्तर तुमच्या भावाकडून घ्या. विसर्जन झाल्यावर कोकिळाबाईने हौदाचं बूच काढायला हात घातला, तर हे धावत गेले. 'सोडू नका! देवीनं पानी शे, गटारमा सोडानं नही!' आणि मग डोक्यावर जाळी, हातात निळे मोजे, अशा थाटात त्यांनी दिवसभर एक एक फणी त्या पाण्यातून हात जोडून काढली. चार वेळा तरी म्हणाले असतील, आता ह्या केळीला कुठे म्हणून अडचण येणार नाही. तुमच्यावर त्यांचा जीव आहे हो. त्यांना वाटलं, भावाच्या मालाला देवीचा हात लागला.

ह्या माणसाची मला चीड येते, पण त्या दिवसाची येत नाही.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येते. कंपनीला कोणाचं तरी नाव पाहिजे, तेव्हा रखवालदार पुनाने दारूच्या नशेत फाटक उघडं टाकलं असं सगळ्यांनी सांगायचं. पुना माळकरी आहे. त्याने आयुष्यात ताडीसुद्धा चाखली नाही. गेल्या पत्रात मी लिहिलं होतं की फाटक उघडं होतं. फाटक उघडं नव्हतं. मी उघडलं. किल्ली तुमच्या भावाच्या सदऱ्याच्या खिशातून काढली. पुना आडवा आला होता. म्हणाला, 'वहिनी, साहेबले समजनं तं मनी नोकरी जाई.' मी त्याला म्हटलं, 'पुना, तू तिकडे तोंड कर.' त्याने तोंड फिरवलं. एवढाच त्याचा गुन्हा.

तेव्हा कंपनीला माझं नाव कळवा. सुलक्षणा अभिमन पाटील, सुपरवायझरची बायको. करारातल्या कुठल्या कलमाखाली मला धरायचं ते त्यांनी ठरवावं. पुनाचं नाव घेतलंत तर मी स्वतः जळगावला जाऊन पेपरवाल्यांना फोटो देईन. भाविकाने भरपूर काढले आहेत, देवी हौदात आणि मागे कंपनीचं हिरवं पान.

सुलक्षणा

*

खैरखेडे
१८ जानेवारी २०२४

भूपेंद्र भाऊ,

अभिनंदन. जिंकलात.

सप्टेंबरच्या पावसाने विहिरीला थोडं पाणी धरलं होतं, केळी जगली होती. काल सकाळी मी तिला खत द्यायला गेले होते. घरघर ऐकू आली. मला वाटलं कोणाचा तरी ट्रॅक्टर. परत आले तर विहिरीच्या तुकड्यात बोअरची गाडी उभी, आणि गाडीशेजारी तुमचे भाऊ. मला बघून त्यांनी मान खाली घातली. मी विचारलं, कोणाला विचारून? तर म्हणाले, 'त्यानी नोकरी जाई, सुलक्षणा. तो फोनवर रडना. धाकला भाऊ शे मना.'

रडलात. रडणं तुम्हाला लहानपणापासून येतं. आठवीत गणितात नापास झालात तेव्हा तुम्ही आबांसमोर असेच रडलात, आणि मार खाल्ला ह्यांनी, का तर धाकट्याचा अभ्यास घेतला नाही म्हणून. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे घर जागच्या जागी आहे, वासाच तेवढा उठून दुबईला गेला.

तुमचा तो पाणी बघणारा माणूस होता तिथे, पांढऱ्या बुटांचा. मला समजावायला लागला की मॅडम, आता पाणी पूर्ण बंदिस्त राहील, हौदाला कुंपण, कॅमेरा, कोणाला हात घालता येणार नाही, करारातल्या देशांना स्वच्छतेची हमी लागते. मी त्याला विचारलं, आणि आम्हाला पाण्याची हमी? तो म्हणाला, तो विषय आमच्या करारात येत नाही. बिचारा खरं बोलला. तुमच्यापेक्षा बरा.

गाडीने रात्रीपर्यंत पांढरी भुकटी उडवली. विहिरीवर, केळीच्या पानांवर, आईंच्या वाळवणावर. खूप खोल गेल्यावर पाणी लागलं. कोमट होतं. आईंनी तळहातावर घेऊन पाहिलं आणि ओतून टाकलं. म्हणाल्या, 'हाई पानी आपलं नही शे. हाई नातूस्नं व्हतं.'

ह्यांच्याशी मी बोलत नाही. ताट वाढते. ते पोळी मागायलाही घाबरतात.

सुलक्षणा

*

खैरखेडे
२० मे २०२४

भूपेंद्र,

आज अहो-जाहो करणार नाही. मी ह्या घरात आले तेव्हा तू सातवीत होतास, माझ्या हातची खिचडी खाऊन शाळेत जायचास, आणि मी तुला तूच म्हणायचे. नोकरी लागल्यावर मी तुला तुम्ही म्हणायला लागले, ती माझी मूर्खपणाची हौस.

हे पत्र तुला खोक्यात सापडलं असेल. केळीचंच खोकं आहे, तुमच्या कंपनीचं, हिरव्या पानाचं. कोकिळाबाईने आणून दिलं. पॅक हाऊसमागे अशा खोक्यांचा ढीग पडला आहे. खाली हात घालण्याआधी पुढचं वाच.

तिसरा बोअर होळीनंतर गेला. आधी फुसफुसला, मग नुसती हवा. त्याच्या आधीच आबांची विहीर गेली होती. आता तिच्या तळाशी पोरं क्रिकेटचा चेंडू शोधायला उतरतात. तुमच्या कंपनीने हात झटकले. पांढऱ्या बुटांचा माणूस येऊन सांगून गेला की इथे पाण्याचा भरवसा नाही, युनिट दुसऱ्या तालुक्यात हलवतो आहोत. पाण्याचा भरवसा नाही! पाहुणा येऊन मडकं रिकामं करतो आणि जाताना म्हणतो, ह्यांच्याकडे पाणीही नसतं. एका सकाळी शटर पडलं. कोकिळाबाईची सगळी टोळी घरी. पुना घरी. तुझा भाऊ घरी, ती डोक्यावरची जाळी अजून खिशात घेऊन फिरतो.

आपली केळी मार्चमध्येच माना टाकून बसली. दिल्लीच्या व्यापाऱ्याला फोन केला, तो म्हणाला, तुमच्या गावाचा रस्ता आता विसरलो. गावाला टँकर येतो. टँकरपुढे बाया भांडतात, काल तानुबाई आणि कोकिळाबाईने एकमेकींच्या झिंज्या धरल्या. कोकिळाबाई आणि मी आता एकमेकींकडे बघून हसत नाही.

आणि तू? भाविकाने तुझा फोटो दाखवला. नव्या करारासाठी कुठल्याशा परिषदेत बसला आहेस, पाठीमागे झेंडे, पुढ्यात पाण्याची बाटली. बाटली पूर्ण भरलेली होती. तुला तहान नव्हती वाटतं. आता आणखी कुठल्या देशाची जकात उठवणार आहात ते उठवा. माझ्या बापाचा घाणा गेला, सासऱ्याची विहीर गेली. माझ्यापाशी आता करार करण्यासारखं काही नाही.

कानबाईचा प्रश्न राहिला होता. श्रावण काही फार लांब नाही. देवी तर आपल्या घरी, आणि घरात पाणी टँकरचं. आईंनी मला भाऊबंदांच्या घरोघरी पाठवलं. मी आशेने गेले, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, कोणाच्या तरी विहिरीत ओंजळभर ओल असेल, नारळ त्याच्या घरी देऊ, चालत जाऊन पाया पडता येईल. सगळ्या विहिरींत वाकून पाहिलं. माझाच आवाज परत आला. घरी येऊन आईंना सांगितलं, 'आई, बठ्ठा कोरड्या शेत.'

आईंनी हातातलं निवडणं बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, 'तो फोटो आन.'

मी तुझ्या बाल्कनीचा फोटो आणला. त्यांनी त्यातल्या समुद्रावर बोट ठेवलं आणि तेच म्हणाल्या, जे त्यांच्या सासूने त्यांना सांगितलं होतं. आबांच्या कुळात आता पाणी फक्त तुझ्या घरी आहे, भूपेंद्र. मी म्हटलं, आई, असं करू नका, आपली देवी आहे. त्यांनी ऐकलं नाही. स्वतः उठल्या, देव्हाऱ्यातून नारळ काढला, त्याचे चांदीचे डोळे पुसले, नथ नीट केली. त्या रडल्या नाहीत. मी रडले. तुझा भाऊ ओसरीवर उभा होता, तो पाठ करून उभा राहिला. चार महिन्यांनी मी त्याच्याशी बोलले. म्हटलं, दोरी आणा, खोकं बांधायचं आहे.

खोकं बांधण्याआधी जळगावच्या कुरियरवाल्याकडे चौकशी करून आले, त्याने विचारलं, आत काय पाठवायचं आहे? मी म्हटलं, नारळ आहे. त्याने कसलंसं पुस्तक चाळलं आणि म्हणाला, जकात लागणार नाही.

तर आता तुझी पाळी. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसव. चौरंगाला केळीचे खांब लागतात, तुला मिळतीलच, तू केळीचा मोठा माणूस. सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन समुद्रावर जा. अनवाणी जायचं. गाडीत नाही, सिग्नलवर नाही. तीन वेळा बुडवून घरी परत आण. खारं पाणी तिला चालतं की नाही ते आम्हाला माहीत नाही, आमच्यात कोणाला विचारायची वेळ आली नव्हती.

खोक्यात तळाशी एक पुरचुंडी आहे. त्यात सव्वा मूठ गहू आहेत, तुझ्या एकट्याच्या नावाचे. बाकीच्यांची नावं आईंनी त्यात घातली नाहीत. त्याचा रोट कर आणि खा. बाहेरच्या कोणाला द्यायचा नाही, हे लक्षात ठेव. एकट्याने संपला नाही तर पाण्यात सोड. तुझ्याकडे पाणी पुष्कळ आहे.

सुलक्षणा